दोन कोच, एक मुदत आणि गप्प बसलेली लेक

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: लेक हायस्कूलच्या अकरावीत आहे. चार वर्षांची असताना ती पुण्याहून तिकडे गेली आणि आठव्या वर्षापासून क्लबमध्ये पोहते. ब्रेस्टस्ट्रोक हा तिचा प्रकार. १०० यार्डांची तिची सर्वोत्तम वेळ १ मिनिट ४ सेकंदांच्या घरात आहे. मार्क उत्तम आहेत, पुढे कॉम्प्युटर सायन्स शिकायचं आहे. अमेरिकेत खेळांसाठी कॉलेजांचे तीन गट असतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात; त्यांतल्या एका डिव्हिजन वन विद्यापीठाच्या कोचने तिला संघात जागा देऊ केली आहे. पहिल्या वर्षी स्कॉलरशिप नाही, 'पुढचं पुढे बघू', आणि उत्तर दोन आठवड्यांत हवं. दुसरीकडे डिव्हिजन थ्रीमधल्या एका छोट्या, अभ्यासासाठी नावाजलेल्या कॉलेजच्या कोचने 'जुलैत ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) पाठव' असं कळवलं आहे.

वडिलांचं म्हणणं: डिव्हिजन थ्री म्हणजे तिसऱ्या दर्जाचं; एवढी वर्षं पहाटे उठून नेलं, एवढा पैसा घातला, त्याचं चीज व्हायला हवं; काही हजार डॉलर घेणारी एक रिक्रूटिंग एजन्सी आहे, ती स्कॉलरशिप मिळवून देईल. आईला वाटतं, पोहणं आता पुरे, अभ्यासाकडे बघावं. ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, लेक एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. आणि लेक? 'तिला विचारलं की "तुम्ही ठरवा" म्हणते आणि खोलीत निघून जाते. आम्ही नक्की काय करावं?'

*

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त घाई त्या दोन आठवड्यांची आहे, म्हणून आधी तेवढं हातावेगळं करू.

कोचने फोनवर देऊ केलेली जागा आणि त्यावर दिलेला होकार ही साखरपुड्याआधीची बोलणी आहेत. शब्दाला मान असतो, पण नियमांनुसार दोन्हीकडचं कुणीही बांधलेलं नसतं. डिव्हिजन वनमध्ये स्कॉलरशिपचा लेखी प्रस्ताव बारावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून देता येतो आणि पोहण्यासारख्या खेळांत सह्या नोव्हेंबरात होतात. 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा जो कागद तुमच्या ओळखीच्यांच्या मुलांनी फुगे लावून, टोप्या घालून सही केला होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. आता विद्यापीठाबरोबर होणारा आर्थिक मदतीचा करार हाच महत्त्वाचा कागद. तुमच्या लेकीला पहिल्या वर्षी पैसेच नाहीत, म्हणजे बहुधा तोही नाही. ती जे गमावेल किंवा मिळवेल ते सध्या तरी निव्वळ कोचच्या शब्दावर आहे.

याचा अर्थ कोच फसवतोय असा घेऊ नका. त्याला त्या वर्षी ब्रेस्टस्ट्रोकच्या एक-दोन मुली हव्या असतात, यादीत पाच-सहा नावं असतात, आणि पहिलीने नाही म्हटलं तर दुसरी हातची जाण्याआधी तिला विचारायचं असतं. मुदत खरी असू शकते. पण ती वाढवून मागण्यात उद्धटपणा काहीच नाही. तुमच्या लेकीने स्वतः फोन करावा आणि सांगावं, 'मला तुमच्या संघाबद्दल मनापासून उत्सुकता आहे, पण कॅम्पस पाहिल्याशिवाय आणि काही गोष्टी समजल्याशिवाय मी शब्द देणार नाही. मला ऑगस्टच्या अखेरपर्यंत वेळ मिळेल का?' जो कोच यावर चिडेल किंवा धाक घालेल, त्याच्या हाताखाली तिला चार वर्षं काढायची आहेत हे तिथल्या तिथे लक्षात घ्या. नाही म्हणाला आणि जागा दुसऱ्या मुलीला दिली, तर वाईट वाटेल, पण तो त्याचा हक्क आहे. बिनपैशाच्या, बिनलेखी जागेसाठी पुढची चार वर्षं दोन आठवड्यांत ठरवावीत असं मला अजिबात वाटत नाही.

आता त्या 'चीज व्हायला हवं'बद्दल. तुमच्या नवऱ्याची ही भावना मी हलक्यात घेणार नाही. थंडीत पहाटे साडेचारला गाडीवरचा बर्फ खरवडणारा बाप आहे तो. क्लबची फी, मीटसाठी हॉटेलं, शर्यतीचे महागडे सूट, हे सगळं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरालाही जड जातं. पण हा खर्च झालेला आहे. कॉलेजने स्कॉलरशिप दिली तरी तो परत येणार नाही आणि नाही दिली तरी वाया गेला असं होत नाही. तुमची मुलगी पहाटे उठते, हरल्यावर पुन्हा पाण्यात उतरते, आठवड्याला कितीतरी तास पोहून मार्क टिकवते. त्या पैशाचं जे व्हायचं ते तिच्यात झालंच आहे. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी एनसीएए ही संघटनाच स्वतः सांगते की हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी जेमतेम २ टक्क्यांना कॉलेजात खेळाची स्कॉलरशिप मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांतल्याही बहुतेकांना ती पूर्ण नसते.

पोहण्याचंच घ्या. परवापरवापर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिपांएवढी रक्कम देता येत असे, आणि कोच ती पंचवीस-तीस मुलींत वाटत. कुणाला निम्मी, कुणाला पुस्तकांपुरती, कुणाला शून्य. जून २०२५ मध्ये न्यायालयाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या 'हाऊस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून चित्र बदललं. जी विद्यापीठं त्या तडजोडीत सामील झाली, त्यांच्यावरची स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा उठली. त्याऐवजी संघात किती खेळाडू ठेवायचे याची मर्यादा आली. पोहणं-डायव्हिंगसाठी ती ३०. ऐकायला हे बरं वाटतं, पण स्कॉलरशिप वाढवायच्या की नाही हे त्या विद्यापीठाच्या तिजोरीवर अवलंबून, आणि बहुतेक ठिकाणी पैसा आधी अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. उलट संघाच्या टोकाला असलेल्या, बिनपैशाच्या मुलींची जागा पूर्वीपेक्षा डळमळीत झाली. पूर्वी कोच एखादी जास्तीची मुलगी सहज सांभाळून घेत असे. आता तिसाव्या आणि एकतिसाव्या नावात भिंत आहे. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलता येण्याच्या सोयीमुळे, दुसऱ्या कॉलेजातली, दोन वर्षं कसलेली वीस वर्षांची पोहणारीण त्याच जागेसाठी उभी असते.

म्हणून त्या डिव्हिजन वनच्या कोचला लेकीने विचारायचे प्रश्न असे: तुमचं विद्यापीठ त्या तडजोडीत आहे का? माझ्या वर्षाच्या किती मुली घेताय, आणि त्यांतल्या ब्रेस्टस्ट्रोकच्या किती? तुमच्या यादीत मी कितवी? पहिल्या वर्षानंतर संघातून कुणाला कमी केलंय का, कशावरून? कॉन्फरन्सच्या (आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) मीटला किती जणींना नेता? 'पुढे बघू' म्हणजे कोणती वेळ मारली तर किती रक्कम, आणि आजवर असं कुणाला दिलंय का? यातला एकही प्रश्न आगाऊ नाही. कोचना हे सगळे प्रश्न ओळखीचे असतात, आणि सतरा वर्षांची मुलगी ते नीट विचारते तेव्हा तिच्याबद्दल त्यांचं मत चांगलंच होतं.

पण त्याआधी एक काम तुम्ही तिघांनी मिळून एका संध्याकाळी करा. त्या विद्यापीठाच्या कॉन्फरन्स चॅम्पियनशिपचे गेल्या दोन-तीन वर्षांचे निकाल उघडा. सगळे निकाल जाहीर असतात. १०० आणि २०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सोळावी आणि चोविसावी मुलगी किती वेळात आली ते बघा, कारण गुण साधारण तिथपर्यंत मिळतात. मग त्या संघातल्या ब्रेस्टस्ट्रोकच्या मुलींच्या वेळा बघा, आणि त्या कॉलेजात आल्यापासून सुधारल्या की घसरल्या तेही बघा. हेच डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजसाठीही करा. १:०४ ही चांगली वेळ आहे. मोठ्या कॉन्फरन्समधल्या नावाजलेल्या संघांत ती पुरत नाही, मधल्या फळीच्या डिव्हिजन वन संघांत ती काठावर ते मध्यावर असते, आणि डिव्हिजन थ्रीच्या उत्तम संघांतही तिला कुणी घरबसल्या राणी करणार नाही. हा आकडा समोर आला की घरातली निम्मी भांडणं आपोआप मिटतात, कारण वाद मग बाबांच्या स्वप्नाचा आणि आईच्या भीतीचा राहत नाही. भारतातून हे करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की आपल्याकडच्या वेळा ५० मीटरच्या तलावातल्या असतात आणि अमेरिकेत कॉलेजचा हंगाम २५ यार्डांच्या तलावात चालतो. वेळा बदलून घेतल्याशिवाय तुलना करू नका.

'डिव्हिजन थ्री म्हणजे तिसरा दर्जा' हा समज मला आपल्या मंडळांमध्ये वारंवार ऐकू येतो आणि त्यामुळे चांगली चांगली मुलं चुकीच्या जागी जाऊन बसतात. हे आकडे गुणवत्तेचे नाहीत. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप देत नाहीत, मुख्य फरक तो. एमआयटी, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, कार्नेगी मेलन, विल्यम्स, ॲमहर्स्ट ही सगळी डिव्हिजन थ्री. एमआयटीच्या मुलींनी २०२५ मध्ये पोहण्याचं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं. ओहायोतल्या केनियन या छोट्याशा कॉलेजच्या मुलांनी १९८० ते २०१० अशी सलग ३१ वर्षं ते विजेतेपद राखलं होतं. तिथं कुणी हौस म्हणून डुंबत नाही. आणि ज्या आयव्ही लीगचं नाव घेतलं की आपल्या नातेवाइकांचे डोळे मोठे होतात, ती आठही विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये असूनसुद्धा खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. मदत फक्त घरच्या उत्पन्नावर. तुमच्या नवऱ्याला एवढं एकच सांगितलंत तरी चालेल.

तुमची लेक अभ्यासात हुशार आहे, म्हणून मला डिव्हिजन थ्रीच्या त्या ईमेलमध्ये जास्त जीव दिसतो. जुलैत ट्रान्सक्रिप्ट मागणं याला तिकडे प्री-रीड म्हणतात. कोच तुमच्या मुलीचे मार्क, परीक्षेचे गुण, बारावीत घेणार असलेले विषय ॲडमिशन ऑफिसकडे देतो. ते बघून सांगतात की हिला प्रवेश मिळण्याची शक्यता चांगली, बेताची की कमी. हमी कुणी देत नाही. पण उत्तर चांगलं आलं आणि कोचला ती खरंच हवी असेल, तर तो म्हणेल, 'अर्ली डिसिजनमधून अर्ज कर, मी तुझ्या पाठीशी उभा राहीन.' प्रवेशाला काट्याची स्पर्धा असलेल्या कॉलेजात या पाठिंब्याचं वजन मोठं असतं. मात्र सगळीकडे सारखं नसतं. एमआयटीसारख्या ठिकाणी कोच फक्त शिफारस करू शकतो, जागा राखून ठेवू शकत नाही. म्हणून लेकीने सरळ विचारावं: गेल्या वर्षी तुम्ही ज्यांना असा पाठिंबा दिला त्यांतल्या किती जणांना प्रवेश मिळाला?

इथे एक खाचखळगा आहे आणि तो नीट बघून पाऊल टाका. अर्ली डिसिजनचा अर्ज म्हणजे प्रवेश मिळाला तर येणारच, असा शब्द. अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातो, दुसऱ्या कॉलेजांच्या पैशांची तुलना करायला वाव उरत नाही. मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर सुटका मागता येते, पण त्या भरवशावर अर्ज करू नये. कॉलेजच्या वेबसाइटवर खर्चाचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, आणि बरीच कॉलेजं विचारल्यावर आधीच अंदाजपत्रक काढून देतात. ते ऑक्टोबरपूर्वी हातात असू द्या.

आणि हे तुमच्या घराला इतर अमेरिकन घरांपेक्षा जास्त लागू आहे, कारण तुमची लेक एच-४ वर आहे. सरकारी मदतीचा एफएएफएसए अर्ज नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि काही ठरावीक गटांसाठीच असतो. एच-४ त्यात बसत नाही. वेबसाइटवरचे बरेचसे कॅल्क्युलेटर नागरिक मुलं गृहीत धरून केलेले असतात, त्यामुळे तिथला गोड आकडा तुमचा नसेल. कॉलेजच्या स्वतःच्या मदतीत एच-४ मुलांना परदेशी विद्यार्थी धरतात की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. काही मोजकी श्रीमंत कॉलेजं परदेशी मुलांनाही गरजेप्रमाणे पूर्ण मदत करतात, बरीच करत नाहीत. खेळाच्या स्कॉलरशिपला सहसा व्हिसा आड येत नाही; गुणवत्तेच्या स्कॉलरशिपचं मात्र प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या. ॲडमिशन ऑफिस आणि फायनान्शियल एड ऑफिस, दोघांनाही ईमेल करून लेखी उत्तर घ्या. हे कोचला विचारू नका. बहुतेक कोचना यातलं काही माहीत नसतं आणि ते चांगल्या मनाने चुकीचं सांगतात.

शिवाय तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे तिसऱ्या वर्षात ती २१ वर्षांची होईल. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर तिला एच-४ वरून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, आणि तो अर्ज वाढदिवसाच्या बराच आधी जायला हवा. तुमच्या रांगेतल्या तारखेप्रमाणे तिचं वय कसं मोजलं जाईल हे इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचारून ठेवा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या गडबडीत ते राहून जातं. स्टेटस बदलल्यावर राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी लागू राहील का, हा प्रश्न सरकारी विद्यापीठाला विचारा. आणखी एक: हल्ली खेळाडूंना नावाचे, जाहिरातींचे पैसे मिळतात, विद्यापीठंही थेट पैसे देतात. एच-४ किंवा एफ-१ वर असलेल्या मुलीने असल्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. दोनशे डॉलरच्या जाहिरातीपायी व्हिसा धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

एजन्सीबद्दल फार लिहीत नाही. पोहणं हा आकड्यांचा खेळ आहे. कोचला हव्या त्या वेळा त्याला दोन मिनिटांत दिसतात. व्हिडिओ कापून, रंगीत प्रोफाइल करून १:०४ चं १:०२ होत नाही. अमेरिकन फुटबॉल किंवा सॉकरमध्ये (म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये) व्हिडिओला महत्त्व आहे, पण तिथेही मुलाचा क्लब कोच आणि त्याचा स्वतःचा ईमेल यांनी जे होतं तेच एजन्सी पैसे घेऊन करते. 'आम्ही स्कॉलरशिप मिळवून देतो' असं कुणी म्हटलं की तिथून उठा. कोच किंवा ॲडमिशन ऑफिस सोडून कुणाच्याही हातात ते नसतं. आणि कुणी 'आतून करून देतो' असं सुचवलं, तर २०१९ च्या मार्चमध्ये उघडकीला आलेलं प्रकरण आठवा: रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांच्या, कधी न खेळलेल्या मुलांना कागदोपत्री खेळाडू केलं, कोचना लाच दिली. पालक तुरुंगात गेले, कोच गेले, सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ते हजारो डॉलर कॅम्पस बघायच्या प्रवासासाठी ठेवा. त्यांचा तिथे खरा उपयोग आहे.

आता तुमच्याबद्दल. 'पोहणं पुरे, अभ्यास बघावा' या तुमच्या म्हणण्यामागे काळजी आहे आणि ती रास्त आहे. डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे खरी, पण प्रवास आणि फिजिओकडचा वेळ त्यात धरत नाहीत, आणि मीटचा अख्खा दिवस तीन तास म्हणून मोजला जातो. कॉम्प्युटर सायन्सच्या दुपारच्या लॅब आणि सराव यांची टक्कर होते. डिव्हिजन थ्रीत हंगाम छोटा असतो, एखादं सत्र परदेशात शिकायला जाणंही जमू शकतं. म्हणून संघातल्या मुलींना विचारा, कोचला नको: कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या किती जणी आहेत? चारही वर्षं किती जणी टिकल्या? मात्र पोहणं सोडलं की तेवढे तास अभ्यासात जातात, हे गृहीतक मला पटत नाही. रोज पोहणाऱ्या मुलीचा दिवस पोहण्याभोवतीच बसलेला असतो. तो काढून घेतला की मार्क वाढतीलच असं नाही. कित्येक मुलं तेव्हाच सैरभैर होतात. सोडायचं असेल तर तिने सोडावं. तिच्या वतीने तुम्ही नको, आणि तिच्या वतीने तिच्या बाबांनी चालू ठेवायलाही नको.

तिच्या गप्प बसण्याकडे मी असं बघते. तिला दिसतंय की पोहायचं म्हटलं तर आई दुखावते, छोट्या कॉलेजात जायचं म्हटलं तर बाबा, आणि सगळंच सोडावंसं वाटलं तर दोघांची नऊ वर्षं. अशा वेळी 'तुम्ही ठरवा' म्हणणं हा तिचा आळस नाही, ती तुम्हा दोघांना सांभाळते आहे. तिला एकत्र बसवून 'सांग काय ते' असं विचारू नका. मला वाटतं, आधी तुम्ही नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावं आणि मग तिला दोघांनी एकच वाक्य सांगावं: 'तू पोहलीस तरी आणि सोडलंस तरी कॉलेजची फी आम्ही याच आकड्यापर्यंत भरू शकतो.' आकडा खरा सांगा. मुलांना पैशांचं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना अंदाज बांधत बसावं लागतं तेव्हा ती घाबरतात.

मग काही दिवस तिला मोकळं सोडा. त्यानंतर एकच प्रश्न विचारा, शक्यतो गाडीत, समोर बघत असताना: समजा पहिल्याच वर्षी गुडघा गेला आणि पोहणं थांबलं, तर या दोन कॉलेजांपैकी कुठे तुला तरीही राहावंसं वाटेल? ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांना गुडघ्यांचं दुखणं नवं नाही, त्यामुळे हा प्रश्न तिला अवास्तव वाटणार नाही. आणि दुखापतच व्हायला हवी असंही नाही. कोच सोडून जातो, संघ बंद पडतो. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने पोहणं-डायव्हिंगचा संघच बंद केला. २०२० मध्ये स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठाने एकदम ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं होतं, पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला, पण मधलं वर्ष त्या मुलांनी कसं काढलं असेल! ज्या कॉलेजचं उत्तर 'तरीही राहीन' असं येतं, तिथे पोहायला मिळालं तर उत्तमच.

या सगळ्यात पालकांनी काय करायचं, असं बरेच जण विचारतात. कोचशी बोलणं, ईमेल लिहिणं, कॅम्पसवर प्रश्न विचारणं, हे तिचं काम. आईने किंवा बाबांनी लिहिलेला ईमेल कोचला पहिल्या ओळीत ओळखू येतो. तुम्ही पाठवण्याआधी वाचा, शुद्धलेखन बघा, पण तिची वाक्यं तिचीच राहू द्या. पैसे, व्हिसा, तारखा, ट्रान्सक्रिप्ट ही तुमची कामं. डिव्हिजन वनचा पर्याय उघडा ठेवायचा असेल तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर तिची नोंदणी झाली आहे का ते बघा आणि शाळेच्या काउन्सेलरकडून १६ कोअर विषयांची यादी तपासून घ्या. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले लागतात. एनसीएएने २०२३ पासून एसएटी या प्रवेश परीक्षेची अट काढली आहे, पण कॉलेजला ती लागू शकते, तेव्हा परीक्षा टाळू नका.

पुण्या-मुंबईहून हा विचार करणारे पालकही मला लिहितात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. वाट खुली आहे. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून कॉलेज टेनिस खेळली आणि २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पण तयारी नववीपासून हवी, कारण ते १६ विषय नववी ते बारावीचे मोजतात आणि त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्राचे विषय ठरावीक प्रमाणात लागतात. बारावीनंतर नुसतं स्पर्धा खेळत वर्ष घालवलं तर पात्रतेला कात्री लागू शकते, आणि बक्षिसाच्या रकमेचे नियम आहेत, तेव्हा पैसे स्वीकारण्याआधी ते वाचा.

तुमच्या घरी परत येते. या आठवड्यात तीनच गोष्टी करा. लेकीने डिव्हिजन वनच्या कोचला फोन करून वेळ मागावा. डिव्हिजन थ्रीच्या कोचला तिने लिहावं की जुलैत ट्रान्सक्रिप्ट नक्की पाठवते, आणि त्याआधी एक दिवस संघातल्या मुलींना भेटायला येऊ का. आणि तुम्ही दोघांनी वकिलाची वेळ घ्या. एजन्सीला काही कळवायची गरज नाही. त्या दोन कॉलेजांखेरीज आणखी पाच-सहा कॉलेजांच्या संघांचे प्रश्नावलीचे फॉर्म तिने उन्हाळ्यात भरावेत. १:०४ वर विचारणारे कोच दोनच असतील असं मला वाटत नाही.